आई म्हणालास तू

सयाजीराव : कपाळाला काय चिकटलंय माझ्या?

वेंकोजीराव : चामुंडीचं कुंकू, दादा. तुझी भूल उतरायच्या आत मीच लावलं.

सयाजीराव : बेशुद्ध माणसाला?

वेंकोजीराव : मांडीत सळई घातलीय तुझ्या. देवीनं वाचवलं, खरं ना वहिनी, अल्वा?

वनजा : अय्यो, डोकं आपटलं असतं तर कठीण होतं, म्हणाले डॉक्टर.

सयाजीराव : आणि पाडलं कुणी? तुझ्या पोरानं, अर्जुननं गाडीची पूजा केली, रस्त्याच्या मधोमध कुंकू भरलेला कोहळा आपटला, लिंबावरून चाक नेलं आणि गेला निघून. आपल्या सगळ्या हूटगळ्ळीत, गल्लोगल्ली तोच लाल चिखल. किळस येते मला.

वेंकोजीराव : मग तू कशाला गेलास त्यात?

सयाजीराव : फावडं घेऊन उचलायला. दर खंडेनवमीला, आयुधपूजेला उचलतो. पाळी सुटली की कारखान्यातली पोरं बाइकवरून येतात, घसरतात.

वेंकोजीराव : देव मानत नाहीस, पुण्य मानत नाहीस. मत्ते, मग कशाला ही उठाठेव?

सयाजीराव : पोरं पडतात म्हणून. आणखी काय पाहिजे?

वेंकोजीराव : सुम्ने, उगाच बोलतोस! पडल्यावर काय ओरडलास ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. ‘आई’ म्हणालास तू. जन्मभर नास्तिक, आणि शेवटी हाक तिलाच! मी घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडले. नवसही बोललोय. पाय बरा झाला की तुला बेट्टावर नेणार, डोंगरावरच्या तिच्या देवळात.

सयाजीराव : माझ्या तोंडचा शब्द चोरलास, वर माझ्या नावानं नवस? शी!

वनजा : अहो, हळू. टाके आहेत. खरं सांगू? मला पण बरं वाटलं ते ऐकून. इतकी वर्षं मी एकटीच बेट्ट चढते. वाटलं, एकदा तरी दोघं जाऊ.

सयाजीराव : वनजा, तू म्हणशील तर वरपर्यंत येईन, तुझ्या चपला सांभाळत बसेन. पण खोटं नाही बोलणार. मी आईला हाक मारली. आमच्या आईला.

वेंकोजीराव : तेच की! जगाची आई ती.

सयाजीराव : तुंगाबाई. तुझी-माझी आई, वेंकू.

वनजा : त्यांचं तुम्ही कधी बोलतच नाही.

सयाजीराव : बाबा गेले त्या वर्षी पणजोबांची तलवार तिनंच चिंच लावून घासली. बोट कापलं. आयुधपूजेला माणसं जमली तेव्हा काका म्हणाले, विधवेची सावली नको, दाराआड थांब. थांबली बिचारी. चिंधी बांधलेल्या बोटानं दार धरून फटीतून बघत होती. आम्ही दोघं पुढे, नव्या कपड्यांत. आठवतं का रे?

वेंकोजीराव : पद्धत होती ती तेव्हा. मी लहान होतो.

सयाजीराव : मी पण लहानच होतो. पुढच्या वर्षापासून त्या पूजेत उभा राहिलो नाही.

वेंकोजीराव : जुनं कशाला उकरतोस? वहिनी, हा प्रसाद घ्या, तुम्हीच भरवा त्याला. आणि ग्रुपवर मी आता काय तोंड दाखवू? सगळ्यांना कळवून बसलोय.

(वनजा पदराचं टोक पाण्यात भिजवून सयाजीरावांचं कपाळ पुसते.)

वनजा : भाऊजी, तुम्ही जरा दाराआड थांबा.