शोभाबाईंच्या नावाला मी नको म्हटलं

तव्यावर भाकर होती, अंगणात सडा टाकायचा राहिला होता, आणि गुरुजी सदऱ्याची बटणं लावत दारात येऊन मला म्हणाले, "प्रशिक्षणाला कुणाला पाठवू? तुला काय वाटतं?"

मंडळी, सरळ तिथूनच बोलायला लागले, सांभाळून घ्या. हट्ट्याहून, वसमतहून, तांड्यावरून एवढी माणसं गुरुजींच्या शोकसभेला आलात. तुमच्याकडे बघितलं की माझ्या मालकांसाठी शब्द फुटत नाही. म्हणून जे सांगायचं तेच आधी सांगते.

तुम्ही सगळे म्हणालात, गुरुजींनी शिक्षक घडवले. खरं आहे. नव्या शिक्षकाच्या तासाला ते मागच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसायचे. शेरा मारायचे नाहीत. तास संपला की विचारायचे, तुम्हाला काय वाटतं, कसा झाला? दर शनिवारी शोभाबाईंना मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः त्यांचा दुसरीचा वर्ग घ्यायचे. शोभाबाई तांड्यावरच्या. पहिल्या वर्षी पालकांसमोर तोंड उघडत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी पालकसभा त्याच चालवायच्या. जेवताना मी तेच ऐकायची. शोभाबाईंनी हे केलं, शोभाबाईंनी ते केलं.

मला हेवा वाटायचा. संशय नव्हे, हेवा. आज तुमची भाषणं ऐकतानाही वाटला. मी चौथी शिकलेली. शाळेच्या पेटीतली पुस्तकं ते घरी आणायचे, त्यांवर अडखळत अडखळत मी वाचायला लागले. एकदा म्हटलं, या पुस्तकाबद्दल मला काही बोलायचंय. म्हणाले, उद्या. तो उद्या राहूनच गेला. शोभाबाईंचं मात्र पाऊण तास गुमान ऐकायचे. माझं कुणी ऐकायचं?

आणि त्या सकाळी त्यांनी मला विचारलं. जिल्हा नवा झालेला. हिंगोलीला मुख्याध्यापकाचं काम शिकवणारं प्रशिक्षण होतं. शाळेतून एकच नाव जाणार होतं. जो जाईल त्याच्याकडेच पुढं शाळा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी भाकर उलटली आणि म्हटलं, "शोभाबाई अजून कच्च्या हायत. बाबाराव गुरुजींना पाठवा."

ते नेहमी म्हणायचे, ऐकायचं नसेल तर विचारू नये. मला विचारलं होतं, म्हणून माझं ऐकलं. बाबाराव गुरुजी, तुमच्यावर राग नाही. तुमच्या घरी हळद शिजवणं चालू होतं, तुम्ही जायलाच तयार नव्हता.

त्याच आठवड्यात शोभाबाई घरी आल्या. म्हणाल्या, "काकू, मी कुठं कमी पडले? सरांनी सांगितलं तर सुधारीन."

मी त्यांच्या चहात एक चमचा साखर जास्त टाकली.

संध्याकाळी गुरुजींपुढं कबूल केलं. त्या कच्च्या न्हाईत, तुमच्या तोंडून त्यांचं नाव ऐकून मला तकलीफ व्हायची. वाटलं, रागावतील. पण म्हणाले, "तुला मी आधी कधी विचारलं न्हाई, ही चूक माझी. पण शोभाबाईला हे तू सांग. ती पोरगी सोतालाच कमी समजून राहिली."

पुढं गुरुजी निवृत्त झाले, शाळा बाबाराव गुरुजींकडे गेली. आता गुरुजीच गेले. शोभाबाईंना मी सांगितलं नव्हतं.

आज सांगते. शोभाबाई, तुम्ही कुठंच कमी पडला नव्हता. कमी मी पडले. येत्या वर्षी बाबाराव गुरुजीही निवृत्त होतायत. पुन्हा नाव ठरेल. केंद्रप्रमुख साहेब इथं बसलेत, त्यांनी हे माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

आता गुरुजींसाठी दोन मिनिटं सगळे शांत उभं राहू. त्याआधी एवढंच, अर्धवट सांगून चालणार नाही. गुरुजींनी सांग म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेकडे गेले. शोभाबाई व्हरांड्यात पोरांची हजेरी घेत होत्या. मी फाटकातूनच परत आले.