इंदिराबाईचा घास

—नाही नाही अक्का, पिशवीतून साखळी काढू नका, आधी टेका जरा, पाणी प्या. नरडाण्याहून आगगाडी, जळगावाहून एस.टी., आणि आल्या-आल्या साखळी? तुमच्या जावयांनी कार्ड टाकलं म्हणून काय झालं! कुत्रं खात नाही, येऊन घेऊन जा—असंच लिहिलं ना? मला न विचारता लिहिलं. या यशोदेच्या हातून साधं कुत्रं जगत नाही, हे आता पहूरपासून नरडाण्यापर्यंत सगळ्यांना कळलं. बरगड्या काय बघता? मोजता येतात. रोज मोजते मी.

खायला घालत नाही असं समजू नका वो. ही त्याची पितळी—बघा, तूप दिसतंय की नाही भाकरीवर? माणसाला वाढत नाही एवढं वाढते. दूध-भाकरी दिली, ताक-भाकरी दिली, उडदाच्या डाळीत कुस्करून दिली, केळं गुळात कालवून दिलं, शेजारच्या झुंबरबाईकडून मटणाचा रस्सा मागून आणला—आमच्या घरात शिजत नाही तरी आणला! नुसता हुंगतो आणि उंबऱ्यापाशी जाऊन बसतो. जामनेरहून गुरांचा डॉक्टर आला, पोट दाबलं, जीभ बघितली, म्हणाला, जंत नाहीत, ताप नाही, त्याच्या मनातच काहीतरी आहे. माय वं, कुत्र्याला मन! माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं का आजवर?

काय? गळ्यात? —टाक होय. दोरा तुटला अक्का. ओवायला दिलाय. त्याचं काय एवढं.

तर टिप्याचं सांगत होते. तुमच्या लेकीचा, इंदिराबाईचाच ना तो. देश स्वतंत्र झाला त्या साली लग्न झालं तिचं, आणि तुम्ही पाठवणीला पिल्लू दिलंत, ते म्हणे पदरात घेऊन उतरली या दारात. तुमच्या बोलीतच बोलायची त्याच्याशी—‘ये रे टिप्या, बठ्ठं खाई ले’, सगळं खाऊन घे म्हणायची. मीसुद्धा म्हणून बघितलं, दार लावून म्हटलं, कुणी ऐकू नये म्हणून. त्यानं मान फिरवली. खरं सांगू? मला तिचा राग येतो. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, कळतं मला, पण होतो. शिंक्याला तिची गाठ, लोणच्याच्या बरणीवर तिनं बांधलेलं फडकं, आणि हे जेवताना म्हणणार, इंदिरा मिरची खमंग भाजायची. जिती असती तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या—हिच्याशी कसं भांडू? उलट हिलाच आधी जेवू घालायचं! लग्नात तुम्हीच बांधलात ना माझ्या गळ्यात तो सवतीचा टाक, चांदीचा, तिचं तोंड कोरलेला? नवं लुगडं आधी तिला लावायचं, ताटातला पहिला घास तिच्या नावानं उंबऱ्यावर ठेवायचा, मग आपण जेवायचं. तीन वर्षं केलं मी. तो घास टिप्या खायचा, आणि तो खाल्ला की मग पितळीतलं सगळं.

पोळ्याला पुरणपोळीचा घास ठेवला. यानं उंबरासुद्धा चाटला. आणि हे ते बघून हसले, म्हणाले, ‘इंदिरेचा घास कसा ओळखतो बघ.’ अहो, पुरण मी वाटलं होतं! पहाटेपासून मी चुलीपाशी! आणि माझ्याकडे बघून तसे हसले नाहीत हो कधी, एकदासुद्धा नाही—त्याच दुपारी टाक काढला आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातला, घास ठेवणं बंद केलं, आणि तेव्हापासून हे कुत्रं—

ऐकलंत ना. बरं, ऐकलंत. नाही तुटला दोरा.

यांना अजून ठाऊक नाही. पदर लपेटून घेते मी, पण नसता घेतला तरी चाललं असतं—माझ्या गळ्याकडे बघतंय कोण? आणि टिप्या उंबऱ्यापाशी कशाची वाट बघतो, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कळूनही तूप वाढवत गेले. म्हटलं, एकदा, एकदाच माझं म्हणून खा रे बाबा. तो वाळत गेला आणि मी हट्टाला पेटले. आता तुम्ही साखळी घालून नेणार, तो तिकडे तुमच्या हातून खाणार, आणि गाव म्हणणार, दुसरीनं पहिलीचं कुत्रंसुद्धा टिकू दिलं नाही. हे तर तोंडानं म्हणणारही नाहीत.

थांबा, उठू नका. हा डबा. —सांडली डाळ, सांडू द्या. हा घ्या टाक. तुम्हीच बांधा, पहिल्यांदाही तुम्हीच बांधला होता. घट्ट बांधा. आणि हा घास, इथं उंबऱ्यावर. इंदिराबाई—जेवा.

उठला. उठला अक्का! खाल्ला घास. आता पितळीकडे वळला… खातोय, तीच भाकरी खातोय, सकाळची, वाळलेली! रडू नका, बुजेल तो. साखळी ठेवा पिशवीत. कुत्रं इथंच राहील. तीही राहील. दोघांनाही घालीन मी खायला.

पण एवढं खातोय, एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघतोय का? —नका, नका सांगू. उठा, एस.टी. चुकेल तुमची. या आता.