चोवीस पूर्णांक सत्त्याण्णव

वर्षाली: वायरला पाय लावू नका पप्पा, प्लीज. याची बॅटरी मेलेली आहे. वायर हलली की पुन्हा पहिल्यापासून. सत्त्याऐंशी टक्के झालंय.

नवनाथ: कशाचं सत्त्याऐंशी टक्के?

वर्षाली: तुम्ही कंपनीच्या स्क्रॅपमधून आणलेला लॅपटॉप जिवंत करतेय. कासारवाडीचा तो दुकानवाला काय म्हणाला होता? सीडी ड्राइव्हच्या जागी नुसतं भोक आहे, यात नवीन सिस्टिम टाकता येणार नाही, भंगारात द्या. मी म्हटलं, बघू या. अपेक्षाच्या घरी पिंपळे सौदागरला गेले, तिच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हचीच सीडी बनवली. म्हणजे लॅपटॉपला वाटतंय, सीडीच घातलीय. चालू करताना एफ बारा दाबायचं, बस. अकरावीतल्या एकाही मुलाला येत नाही हे.

नवनाथ: बरं बरं, हुशार हायस. माझा पेनड्राइव्ह दिसला का कुठं? देवाच्या फळीखाली खिळ्याला व्हता. नानासाहेबांचा फोन आलता, जायचंय मला.

वर्षाली: आज गुरुवार ना. तुमची सुट्टी.

नवनाथ: मालकानं बोलावल्यावर कुठली सुट्टी. माझ्या चार नंबरच्या मशिनचं मेमरी कार्ड जळालतं, आज नवीन बसवायलेत. कोरं करकरीत. त्यात सगळे प्रोग्राम परत भरायचे, तवा ते चालणार. दोनला ट्रायल हाय. साडेबाराची गाडी नाशिक फाट्याला धरायची मला.

वर्षाली: कोणता पेनड्राइव्ह?

नवनाथ: लाल दोरीचा. कुंकू लावलेला.

वर्षाली: पप्पा.

नवनाथ: काय?

वर्षाली: तुम्ही जरा खाली बसा.

नवनाथ: बसायला येळ न्हाई. कुठाय?

वर्षाली: लॅपटॉपला लावलाय तो.

नवनाथ: मग काढून दे की.

वर्षाली: काढून देते. पण आत काही नाहीये. पेनड्राइव्हची सीडी बनवताना आधीचं सगळं पुसलं जातं. मी बघितलं होतं आत, देवाशप्पथ बघितलं होतं. एक फोटो नाही, एक गाणं नाही. नुसत्या सात फायली, ओ शून्य शून्य एक, ओ शून्य शून्य दोन. मला वाटलं कचरा आहे.

नवनाथ: तेच प्रोग्राम व्हते माझे.

वर्षाली: कुंकू लावून टांगलेला होता. मला वाटलं, बिघडलाय म्हणून देवापाशी ठेवलाय.

नवनाथ: खंडेनवमीला पूजलाय त्यो. हत्यार हाय माझं. तू त्याचं कुंकू पुसलंस?

वर्षाली: भोकात जात नव्हता.

विजयश्री: काय चाललंय तुमचं? कुठलं कुंकू पुसलं?

नवनाथ: हिनं पेनड्राइव्ह कोरा केला.

विजयश्री: मग दुसरा घ्या. कोपऱ्यावर मिळतो.

नवनाथ: पेनड्राइव्ह मिळतो गं. आतलं मिळत न्हाई.

वर्षाली: थांबा, थांबा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर दुसरी कॉपी असेलच ना. कुणीही ठेवतं. बेसिक गोष्ट आहे.

नवनाथ: व्हती.

वर्षाली: बघा. मग कशाला घाबरवता?

नवनाथ: कंपनीचा कॉम्प्युटर तुझ्या मांडीवर हाय, लेकरा. हाच. स्क्रॅपला काढला तवा मी त्यातनं पेनड्राइव्हवर घेतले, मग ह्यो घरी आणला.

वर्षाली: याच्यातलं पण पुसलंय मी. आत्ताच. त्याने विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का. दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

विजयश्री: अगं, घरात दोन माणसं बसलीत. एकदा त्यांना विचारायचं होतंस.

वर्षाली: सरप्राइज द्यायचं होतं मला, आई.

विजयश्री: मिळालं. तुम्ही ओरडा तरी तिच्यावर.

नवनाथ: ओरडून काय व्हणार. उद्या गिऱ्हाइकाचा माणूस यायलाय माल बघायला. नानासाहेब परवाच म्हणले, नवनाथ, शुक्रवारी माल न्हाई दाखवला तर चार नंबर विकून टाकतो. त्या जुन्या मशिनवर दुसऱ्या कुणाचा हात बसत न्हाई म्हणून मला ठेवलंय. मशीन गेलं की मी गेलो. नव्या मशिनवर डिप्लोमावाली पोरं हायेत.

वर्षाली: मी अपेक्षाला फोन लावते. पुसलेलं परत आणता येतं, मी वाचलंय. हॅलो, अपेक्षा? ऐक, मेले मी. कालच्या पेनड्राइव्हमधलं परत आणायचंय. हो, पप्पांचं होतं. अगं, हसू नकोस. किती तास? बरं, आणि ज्याच्यावर नवीन लिहिलं गेलं ते? सुरुवातीलाच होत्या गं त्या, एवढ्याशा फायली. अजिबात नाही? नक्की? ठेवते.

नवनाथ: काय म्हणली?

वर्षाली: नाही म्हणाली.

विजयश्री: नानासाहेबांना फोन करून खरं सांगा. एवढी वर्षं राबलात, ऐकून घेतील.

नवनाथ: काय सांगू? पोरीनं पुसलं म्हणू? तुझ्याजवळ दिलेली एक वस्तू सांभाळता आली न्हाई म्हणतील. खरंच हाय ते.

वर्षाली: तुमच्या फायली इंटरनेटवर नसतील का? कुणीतरी टाकल्या असतील. कोणत्या कंपनीने बनवल्या होत्या?

नवनाथ: कंपनीनं कशाला बनवल्या. मी लिहिल्यात.

वर्षाली: तुम्ही?

नवनाथ: मग कोण? ड्रॉइंग बघायचं आन मशिनला एकेक ओळीत सांगायचं. इथं ये, एवढं काप, मागं जा, पुन्हा ये.

वर्षाली: एक मिनिट. म्हणजे तुम्ही कोडिंग करता?

नवनाथ: लेथवर टर्निंग करतो.

वर्षाली: पप्पा, तेच ते. लिहिलंय तुम्ही, तर आठवत असेल ना. पहिल्याची पहिली ओळ सांगा.

नवनाथ: असं कसं आठवल. हाताला असतं ते, तोंडाला नसतं.

वर्षाली: हात ठेवा या कीबोर्डवर. नाहीतर डोळे मिटा. मशीनसमोर उभे आहात, जॉब लावलाय. आता पहिलं काय?

नवनाथ: जी एकवीस. मग टूल बोलवायचं, टी शून्य एक शून्य एक. मग जी सत्त्याण्णव, एस बाराशे, एम तीन. जॉब फिरायला लागतो. मग जी शून्य, एक्स चव्वेचाळीस, झेड दोन.

वर्षाली: हळू, हळू. शंभर टक्के झालं इथे. रीस्टार्ट होतंय. चालू हो रे बाबा, चालू हो.

विजयश्री: महावितरणचा मेसेज आलाय. बाराला लाइट जाणार, पाचला येणार.

वर्षाली: आणि बॅटरी मेलेली. आत्ता किती वाजले?

विजयश्री: साडेदहाला पाच कमी.

वर्षाली: चालू झालं. बघा, झालं चालू. बोला पप्पा. एक्स चव्वेचाळीस, झेड दोन. पुढे?

नवनाथ: जी एक, झेड वजा छप्पन, एफ शून्य पॉइंट दोन. लिहिलंस? वजा इसरू नको. वजा इसरलीस तर टूल उलट्या बाजूला जाऊन आदळल, कुणाचा तरी जीव जाईल.

वर्षाली: वजा लिहिलंय. तुम्ही सांगितलं की मी परत वाचणार. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पुढची ओळ.

नवनाथ: आता विचारायलीस व्हय.

वर्षाली: हो.

विजयश्री: साडेअकरा झाले. चहा ठेवू का?

नवनाथ: नगं. बोलू नको मधी. सहा झाले, आता सातवा. पंपाचा शाफ्ट. उद्या ह्योच बघायला यायलेत.

वर्षाली: सुरुवात तशीच ना? टूल, स्पीड, एम तीन?

नवनाथ: तशीच. स्पीड नऊशे. पुढं जी शून्य, एक्स बत्तीस, झेड दोन. मग रफिंग, पहिला जाडा काप. मग बेरिंग बसायची जागा. जी एक, एक्स...

वर्षाली: एक्स किती?

नवनाथ: थांब.

वर्षाली: पप्पा, वीस मिनिटं आहेत. एक्स किती?

नवनाथ: पंचवीसच्या आत हाय. पंचवीस पुरा न्हाई. बेरिंग हातानं सरकवून बसायला पायजे, फार सैल झालं तर पंप बोंबलतो. पॉइंट अठ्ठ्याण्णव का पंच्याण्णव? दोन वर्षांत एकदा येतो त्यो जॉब. आठवना झालंय.

वर्षाली: ड्रॉइंगवर असेल. नानासाहेबांना विचारा.

नवनाथ: ड्रॉइंग कपाटात, किल्ली स्टोअरच्या आबाजीकडं, आबाजी गावाला. तिथं त्याचा फोन लागत न्हाई.

वर्षाली: अंदाजे टाकू या? अठ्ठ्याण्णव?

नवनाथ: अंदाजानं शाफ्ट व्हत न्हाई, बाई. सोड. सहा घेऊन जातो. सातवा इचारला तर मान खाली घालतो.

विजयश्री: पंपाचा शाफ्ट म्हणजे आपला बत्ता ना?

नवनाथ: कोणता बत्ता?

विजयश्री: हा काय. तुम्हीच आणलेला, रिजेक्ट झाला म्हणून. लसूण ठेचते मी याने रोज.

नवनाथ: दे इकडं. वर्षा, माझ्या बॅगेतली व्हर्निअर काढ. पुसून दे गं तो, तिखट लागलंय.

वर्षाली: मला येतं वाचायला. प्रॅक्टिकलला आहे आम्हाला.

नवनाथ: टोकाला मोजू नको, टोक ठेचून झिजलंय. ही इथं, मुठीत धरायची जागा. तीच बेरिंगची. घट्ट दाबू नको जबडे. नुसतं टेकव.

वर्षाली: चोवीस. आणि पुढची रेघ... एक्केचाळिसावी जुळतेय. एक्केचाळीस गुणिले शून्य पूर्णांक शून्य दोन. ब्याऐंशी. चोवीस पूर्णांक ब्याऐंशी.

नवनाथ: परत घे.

वर्षाली: ब्याऐंशीच. पण पप्पा, हा रिजेक्ट आहे ना? म्हणजे हा आकडा चुकलेला.

नवनाथ: चुकलेलाच. पण किती चुकला ते मला पाठ हाय. रिजेक्शनच्या कागदावर सही केली मी. शून्य पॉइंट पंधरानं बारीक. आठ दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं.

विजयश्री: फोनवर बोलत आकडा टाकला होता यांनी.

नवनाथ: तुझाच फोन व्हता.

विजयश्री: ढकला माझ्यावर.

वर्षाली: ब्याऐंशी आणि पंधरा. सत्त्याण्णव. चोवीस पूर्णांक सत्त्याण्णव.

नवनाथ: सत्त्याण्णव. हां. सत्त्याण्णवच, माय. लिही. एक्स चोवीस पॉइंट सत्त्याण्णव, झेड वजा अठरा.

वर्षाली: वजा अठरा. वाचते परत.

नवनाथ: वाच.

विजयश्री: बाराला सहा कमी.

वर्षाली: एम तीस. संपलं. पेनड्राइव्ह पुन्हा कोरा करावा लागेल, त्यात माझी सिस्टिम आहे. विचारतंय, सगळं जाईल, चालेल का. पप्पा, चालेल का?

नवनाथ: चालल.

वर्षाली: दुसऱ्यांदा विचारतंय.

नवनाथ: चालल म्हणलं ना.

वर्षाली: सात फायली गेल्या. उघडून बघते. सातही उघडतायत. लॅपटॉपवर एक कॉपी राहिली, अपेक्षाला एक पाठवली. हा घ्या.

विजयश्री: इकडे आणा तो. कुंकू लावू द्या.

नवनाथ: गाडी जाईल.

विजयश्री: बोट लावायला कितीसा वेळ लागतो. हं, जा आता.

[लाइट जाते, पंखा हळू होत थांबतो.]

वर्षाली: पप्पा, कळणार कधी?

नवनाथ: दोनला. पहिला शाफ्ट बरोबर निघाला की मिस कॉल देतो. न्हाई दिला तर समज.

वर्षाली: चुकला असेल तर माझ्यामुळे.

नवनाथ: आकडे मी सांगितलेत.

विजयश्री: गेले. तू काय दारात उभी राहतेस आता? ये आत, भाकऱ्या झाल्यात, चटणी राहिलीय. हा घे बत्ता, लसूण ठेच.

वर्षाली: आज याने नको, आई. तांब्याच्या बुडाने ठेचते मी.