नाव घेऊन ओरड

हॅलो?… कोण?… अगं हर्षाली! आवाज ओळखलाच नाही मी. बोल, बोल… देवळ्याला सगळे बरे ना? वडिलांचा कांदा भरून झाला का चाळीत?… बरं.

नाही, अश्विन नाही घरी. फुलं घेऊन गणेशवाडीला गेलाय बाजारात. काय काम होतं?… आई म्हणू का म्हणून काय विचारतेस? म्हण की. रविवारपर्यंत म्हण.

कोण, फुटाणा? आहे. त्याला काय धाड भरलीय? माणसापेक्षा जास्त खातो.

हो, रविवारचं लक्षात आहे माझ्या. तुझ्या रावजीमामांनीच ठरवलं ना? सोडचिठ्ठीच्या सह्या झाल्या, भांडीकुंडी वाटून झाली आणि अडलं कुठे, तर एवढ्याशा कुत्र्यावर! म्हणे, त्याला अंगणाच्या मध्ये सोडा. हर्षाली फाटकापाशी, अश्विन ओट्यावर. दोघांनी हाक मारायची, ज्याच्याकडे जाईल त्याचा… मी बोलले का काही तेव्हा? गप्प बसले की.

तुझ्याकडेच येणार, हो… बाटलीने दूध पाजलंस तू, मान्य… अगं मान्य म्हणतेय ना. पण रविवारपर्यंत तो इथे धड राहायला नको का?

ऐक ना. ऐकून तर घे. उकरतो तो. शेवंतीच्या वाफ्यात. रोपं लावून, पाणी देऊन वळलं की हा मागे हजर. ओल्या मातीत नाकापर्यंत आत. काल अख्खी ओळ उपटली. सगळं करून झालं आमचं. मिरचीपूड टाकली… हो, मिरचीपूड. घरचीच. शिंकला, जमिनीवर डोळे घासत बसला आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात सुरू. बोरीच्या काट्या पसरल्या… आलं रक्त थोडं. चाटलं की बरं होतं त्यांचं… हे बघ, रडणार असलीस तर मी ठेवते फोन.

मग नीट ऐक. अश्विन सांगून गेलाय, आज परत उकरलं तर विहिरीच्या कठड्याला बांधणार. साखळीने. उन्हात. तुला माहितेय ना त्याचा राग?… मग. मी म्हटलं, अरे मुकं जनावर आहे, आपलं नाही ऐकत, पण तिचं ऐकतं. तिलाच विचारू… अगं फोनवर. आत्ता. मी वाफ्याशीच उभीय. तू केला नसतास तर मीच करणार होते.

हा काय, उकरतोच आहे. माती माझ्या पायांवर उडतेय. स्पीकर लावते. तू ओरड त्याला… हो, तू. तुझाच धाक आहे… हं, बोल.

अगं अशी नाही! ‘काय रे माझ्या सोन्या’ काय! आला ना शेपटी हलवत. फोन चाटतोय, बाई. अख्खा ओला केला. हट्! हट् रे!… हसतेस काय? त्याला वाटलं शाबासकी देतेस तू. जाऊन परत उकरायला लागला.

रागावून बोल. घसा फाडून. आणि नाव घे… घ्यायलाच हवं. नुसतं ‘नाही, नाही’ म्हटलंस तर त्याला काय कळणार कोणाला म्हणतेस? ‘फुटाण्या’ म्हण आधी. मग ओरड… थांब हं. केरूभाऊ, खुरपं ठेवा ते, या इकडे. हं, हर्षाली, ओरड!

…बघ! दचकला.

काही नाही झालं, पाणी आहे. केरूभाऊंनी पाइप धरला अंगावर. ओरडणं आणि पाणी एकदमच पाहिजे, तरच डोक्यात राहतं त्याच्या… थंड नाही गं, ऊन आहे वर. परत ओरड. उकरतोय बघ, बेशरम.

रडू नको! रडका आवाज ऐकला की जवळ येतो तो. आला बघ… झालं मग, राहू दे. अश्विन आला की बांधेल… नाही ना? मग ओरड. माझ्यावर ओरडली होतीस ना त्या दिवशी ओट्यावरून, सगळी गल्ली गोळा झाली होती. तशी ओरड.

हं!… अजून!… नाव घे, नाव!… हं!

कशाचा आवाज?… निरगुडीचा फोक आहे. बारीक. पाण्याला सोकावला होता, मग काय करणार… केरूभाऊ, तोंड काय पाडताय? हात चालवा. हर्षाली, थांबू नकोस, आता थांबलीस तर सगळं फुकट… हं!… हं!

बस. पुरे. गेला बघ, टाकीमागे जाऊन बसला. शेपटी पोटात… हो, थांबलं उकरणं. वाफ्याकडे बघत पण नाही. शाबास! चार वर्षांत एकदा तरी माझं ऐकलंस.

नाही बांधणार आता. कशाला बांधेल?… आणि तुला परत फोन करायलाही नको. अश्विनच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलंय… हो, त्याचाच, आज घरी ठेवून गेलाय. थांब, ऐकवते. केरूभाऊ, लावा.

ऐकलंस? काय खणखणीत आलाय आवाज! ‘फुटाण्या’ तर इतकं स्पष्ट… आणि तो बघ, मुतला जागेवरच. कोणी हात लावलेला नाही हं आता. पाइप बंद आहे, फोक खाली ठेवलाय. नुसता तुझा आवाज.

हॅलो?… आहेस का?

कशासाठी म्हणजे? वाफ्यासाठी… रविवारचं काय? रविवारी मार ना हाक. मारायचीच आहे. नाव घेऊन.

डिलीट कशाला करू?… अगं, मी केलं काय? ओरडलीस तू. मी तर आजवर त्याच्याशी मोठ्याने बोललेले नाही, केरूभाऊंना विचार. सांग की रावजीमामांना. सांग, मीच ओरडले म्हणून. फोनवरून. पाच-सहा वेळा.

काय?… ठेवा तुम्ही?… म्हणजे कुत्रा नको तुला?

अगं, मला कुठे हवाय? केस नुसते घरभर… नाही. नाही, नाही, असं नाही चालायचं. ठरलंय ना सगळ्यांसमोर? यायचं. मामांना आणायचं, तुझ्या आईलाही आणायचं. इथे अख्ख्या मखमलाबादमध्ये सांगत फिरलीस ना, ‘त्या घरात मला जीव लावणारं एक कुत्रंच होतं’ म्हणून? माझ्या तोंडावर सांगितलं लोकांनी. भाजी घेताना सांगितलं. मग बघू दे की सगळ्यांना, किती जीव लावतं ते.

पाया कसली पडतेस फोनवर?… मी नाही मारणार. मी कशाला मारू? आलीस तर कोणीच नाही मारणार. नाही आलीस, तर अश्विन काय करेल ते मला नाही सांगता यायचं… येतेस?… ऐकू नाही आलं… मोठ्याने बोल, येतो की आवाज तुला…

हं. सकाळीच ये, ऊन व्हायच्या आत. चहा टाकते मामांसाठी.

हॅलो?… हॅलो?… ठेवला वाटतं.

केरूभाऊ, त्याला काढा टाकीमागून. सोडा परत वाफ्यात… जाऊ देत हो रोपं. उकरू दे त्याला. उकरायला लागला की तिचा आवाज लावा.