प्रांजलने ओ का दिली नाही

जबाब

मी, साहेबराव लक्ष्मण ओव्हाळ, वय ६१ वर्षे, धंदा शेती व व्याख्याने, राहणार कुरकुंभ शिवारातील वस्ती, ता. दौंड, जि. पुणे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो, ते असे :

मी दौंड व शिरूर तालुक्यांतील शाळांत आणि विहारांत मुले पळवण्याच्या प्रकारांविषयी व्याख्याने देतो. हरवलेल्या मुलांच्या शोधातही जात असतो. माझ्या शेजारी राजश्री सोनवणे राहते. तिचे पती वारले आहेत. ती औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत पॅकिंगला कंत्राटी कामगार आहे. तिची मुलगी प्रांजल, वय ८ वर्षे, तिसरीत शिकते.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत माझे व्याख्यान झाले. मूल पळवणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो, म्हणून प्रत्येक घराने एक खुणेचा शब्द ठरवावा, तो चारचौघांत उच्चारला गेला तर लगेच बदलावा, असे मी सांगितले. जो तो शब्द सांगणार नाही, तो कोणीही असो, त्याला ओ देऊ नका, लपून बसा, हूं की चूं करू नका, अशी मुलांकडून मुठी वळवून शपथ घेतली. नंतर परीक्षा म्हणून पहिल्या रांगेतील प्रांजलला हाक मारली, "प्रांजल बाळा, आई आलीय, चल माझ्यासंगं." ती दप्तर उचलून उठली. मी माइकवर म्हणालो, "गेली! बघा, पळवली हिला!" सगळी शाळा हसली. ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो.

या ठिकाणी हवालदारांनी "आबा, भाषण नको, त्या दिवशी काय झालं तेवढं सांगा" असे सांगितले. हे भाषण नाही. हे लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली.

मागील शनिवारी शाळा सकाळची होती. प्रांजल व तिची मैत्रीण वैष्णवी उसाच्या कडेने घरी येत असता एक टेम्पो थांबला. चालकाने "ए पोरी, कंपनीचं मागचं गेट कुठं हाय?" असे विचारले. दोघी पळाल्या. वैष्णवी घरी पोचली आणि रडत एवढेच म्हणाली, "टेम्पोवाल्यानं हाक मारली, प्रांजल दिसंना." वस्तीने त्याचा अर्थ लावला. पोरांनी टेम्पो सोलापूर रस्त्यावर गाठला. चालक सत्यजीत गव्हाणे, राहणार शिरूर तालुका, यास मारहाण झाली. टेम्पोत रिकामी पिंपे निघाली. तोवर इकडे अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाची फिर्याद दाखल झाली होती.

मी राजश्रीच्या कंपनीच्या गेटवर फोन केला. रखवालदार म्हणाला, "मोबाईल गेटवरच जमा असत्यात. बॅच चालू हाय, सुट्टी झाली की निरोप देतो." मी त्यास कामगारांचे हक्क सांगितले, कायदा सांगितला. मुलगी हरवली आहे, हे मी सर्वांत शेवटी सांगितले. तोवर त्याने फोन ठेवला होता. परत लावला, तो उचलला गेला नाही.

त्यानंतर आम्ही ऊस शोधू लागलो. माझा आवाज मोठा, म्हणून कर्णा माझ्याकडे दिला. मी बांधावर उभा राहून ओरडलो, "प्रांजल बाळा, आई आलीय, चल माझ्यासंगं." आई आली नव्हती. पोरगी लवकर बाहेर यावी म्हणून मी तसे म्हणालो. हेच शब्द मी शाळेत वापरले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. शेजारीण सोजरबाई म्हणाली, "आबा, पोरगी हितं न्हाई. तुमच्या आवाजानं मेलेलं बी उठून बसलं असतं." ते मला पटले. मी सगळ्यांना कॅनॉलकडे नेले.

शिफ्ट सुटल्यावर राजश्री आली. तिने मला एकच विचारले, "तिला शब्द सांगितला का?" मी म्हणालो, "कुठला?" ती बांधावर गेली आणि ओरडली, "शेंगोळी! प्रांजल, शेंगोळी!" कोणी हसले नाही. उसातून आवाज आला, "आई, मी हितं हाय."

मी कर्णा घेऊन उभा होतो, तिथून हाकेच्याही अलीकडे पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचा उघडा खड्डा आहे. त्यावर पाचट पडलेले होते. प्रांजल पळताना त्यात पडली होती. तिचा गुडघ्याखालचा पाय मोडून पाइपाखाली अडकला होता. दप्तराचा पट्टा तिने दातांत धरलेला होता. त्यावर दातांचे वण होते. आबांचा आवाज पहिल्यापासून ऐकू येत होता, असे तिने आईला सांगितले.

तिच्या पायाची बोटे काढावी लागली. लवकर आणली असती तर वाचली असती काय, हे मी डॉक्टरांना विचारलेले नाही.

प्रांजलला कोणी पळवलेले नाही. सत्यजीत गव्हाणे याने रस्ता विचारला, याखेरीज काही केलेले नाही. यापुढे मी मुलांना सांगणार आहे, की लागले असेल तर ओरडा, कोणीही हाक मारली असली तरी ओरडा. आणि घरांना सांगणार आहे, की शब्द एकट्या आईपाशी ठेवू नका. शाळेने मला पुन्हा बोलावले तर.

काल मी दवाखान्यात गेलो. राजश्री औषधे आणायला खाली गेली होती. मी दारातून प्रांजलला हाक मारली. तिने ओ दिली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शब्द?"

मी म्हणालो, "शेंगोळी."

"तो सगळ्यांनी ऐकलाय, आबा. आईनं बदलला."

मी संत्री दाराशी ठेवली आणि राजश्री वर येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिलो.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. आणखी काही बोलायचे आहे काय, असे विचारले असता, नाही, असे मी सांगितले.

समक्ष सही
साहेबराव लक्ष्मण ओव्हाळ