उकळत्या तेलाची साक्ष

मंडळी, आज देवळात उभं राहून जरा अवघड प्रश्न विचारतो. रागावू नका! देव आहे की नाही, हेच ज्याला ठाऊक नाही — असा माणूस चांगला असू शकतो का?

पाहा! पुढच्या आजींची माळ थांबली! आजी, माळ चालू ठेवा. उत्तर मी देणार नाही. नृसिंहशास्त्र्यांनी काय केलं तेवढं सांगणार.

कृष्णाकाठी कासारडोह नावाचं गाव. पाटील न्याय करायचे तो काळ. त्या गावात हे नृसिंहशास्त्री. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कात, असे तयार, की परगावचा पंडित वाद घालायला यायचा आणि नुसता जेवून परत जायचा! पण एक खोड होती. कशालाही 'हो' म्हणण्याआधी विचारायचे — "कशावरून?"

कुणी म्हणालं, "शास्त्रीबुवा, स्वर्ग आहे का हो?"

"माहीत नाही. जाऊन आलेला कुणी भेटला नाही."

"मग पुण्य कशासाठी करायचं?"

"काल ओढ्यात म्हातारी घसरली, तू धावलास. तेव्हा स्वर्ग आठवला होता?"

"छे! म्हातारी दिसली, धावलो."

"मग झालं तर!"

पोटभर जेवावं, दुपारी ओट्यावर सोंगट्या खेळाव्यात, कुणाला दुखवू नये, आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणावं — ही त्यांची जगण्याची रीत. गाव त्यांना नास्तिक म्हणायचं. पण घरात भांडण पेटलं की सल्ल्याला त्यांच्याच ओट्यावर! आहे की नाही गंमत?

आणि मंडळी, एके दिवशी गावच्या देवीचे सोन्याचे डोळे गेले! चोरीला! पाटलांच्या लेकीचं लग्न झालं त्या रात्री! सकाळी दार उघडलं, तर मूर्ती रिकाम्या खोबणींनी बघतेय. गाव हादरलं. संशय कुणावर? सगुणाबाईवर. गुरवाची विधवा. देवळाची झाडलोट तिची, किल्ली तिच्या कमरेला. आणखी पुरावा? नाही! लागतो कुणाला?

राणोजी पाटलांनी हुकूम सोडला — दिव्य! दिव्य म्हणजे काय? कढईत तेल उकळायचं, तळाशी धातूचा तुकडा टाकायचा, आणि तो हातानं काढायचा. हात भाजला तर चोर. नाही भाजला तर निर्दोष. पण अग्नीला आवाहन करून 'देवा, तू साक्ष दे' म्हणायला शास्त्री लागतो. गावात शास्त्री एकच!

निरोप आला, आणि आमच्या शास्त्र्यांचं चित्त उडालं. सोंगट्यांचा पट मांडलेला — चुकीचीच सोंगटी हलवली. ताटावर बसले, पहिल्या घासाला उठले. नदीवर गेले, परत आले, पुन्हा गेले. मनात एकच घुसळण. नाही म्हणावं? पलीकडच्या गावचा शास्त्री आनंदानं येईल. 'अग्नीत देव नाही' म्हणावं? पण कशावरून? तेही कुठं ठाऊक आहे!

बायको, वेणूबाई, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना — देवीनं दृष्टांत दिला, सगुणा निर्दोष आहे. तुमचा शब्द गाव मानेल. एका खोट्यानं बाईचा हात वाचेल!"

शास्त्री थबकले. किती सोपं! जिभेवर शब्द आलेसुद्धा.

"आणि उद्या दुसरा कुणी दृष्टांत सांगेल, की अमकीला मारा," ते म्हणाले. "मग त्याला मी कुठल्या तोंडानं विचारू — कशावरून?"

"मग काय करणार?"

"माहीत नाही गं! आयुष्यभर हे दोन शब्द मजेत म्हटले. आज घशाखाली उतरत नाहीत."

सकाळ झाली. देवळापुढं चूल, चुलीवर कढई, भोवती अख्खं गाव. सगुणाबाई पदर खोचून उभी. "घालते मी हात," ती म्हणाली. आवाज ताठ — बोटं मात्र थरथरत होती! शास्त्र्यांना दुसरं काही दिसेना. रोज देवीचे हार गुंफणारी ती बोटं!

पाटील म्हणाले, "शास्त्रीबुवा, आटपा. देव साक्ष देतो न्हवं?"

"पाटील, खरं बोलणाऱ्याचा हात भाजणार नाही — असंच ना?"

"असंच!"

"मग मी खरं बोलतो. देवीचे डोळे मी घेतलेले नाहीत. चोरी झाली तेव्हा मी तुमच्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात होतो. बरोबर?"

"होतात की. माझ्याच पंगतीला."

"गाव ऐकतंय ना?"

आणि मंडळी — कुणाला कळायच्या आत बाही मागं सारली, आणि शास्त्र्यांनी उजवा हात कढईत घातला!

किंकाळी अशी, की पिंपळावरचे पक्षी उडाले! तुकडा बाहेर आला. हात लालबुंद, कातडी सोलवटलेली. शास्त्री गुडघ्यावर बसले. "खरं... बोललो... होतो," एवढंच म्हणाले.

पण पाटील गप्प बसतील? "तुम्ही नास्तिक! म्हणून जळला हात!"

लोकांनी माना डोलावल्या. माणसाला सुटायला फट लगेच सापडते, नाही?

शास्त्र्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी, पण अक्कल शाबूत! "असेल. मला माहीत नाही. पण पाटील, हात चोरीनं जळतो, नास्तिकपणानंही जळतो. मग हिचा जळल्यावर तुम्ही कसं ओळखणार — कशानं जळला?"

पाटील खाली बघत म्हणाले, "कढई उतरवा."

आता तुम्ही विचाराल — महाराज, खरा चोर सापडला का? नाही! देवीचे डोळे मिळाले? नाही! मग सगुणाबाईनंच घेतले असतील? मंडळी, ते कधीच कळलं नाही. ते न कळता स्वस्थ बसवतं का तुम्हाला? मला बसवत नाही!

सगुणाबाई कोरफड घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. जखमेवर गर लावता लावता एकदा तिनं विचारलं, "शास्त्रीबुवा, सगळ्या गावानं विचारलं. तुम्हीच कधी विचारलं नाहीत — मी डोळे घेतले का म्हणून."

"विचारावंसं वाटतं की. रोज वाटतं."

"मग?"

"तुझा हात वाचवायला ते कळायची गरज नव्हती."

ती गर लावत राहिली. हात तिचा आता स्थिर होता, थरथर त्यांच्या हाताला होती.

मंडळी, मी देव मानणारा माणूस. रोज त्याचं नाव घेऊन पोट भरतो. तरी सांगतो — त्या सकाळी देव कढईपाशी असेल, तर कुणाच्या बाजूला उभा होता? आवाहनाची वाट बघणाऱ्यांच्या? की 'माहीत नाही' म्हणणाऱ्याच्या?

आणि तुम्ही! उद्या घरात अंगठी दिसणार नाही. पहिलं नाव कुणाचं घ्याल? धुणंभांडी करणारीचं! शेजारची सून उशिरा आली — तुम्हाला सगळं ठाऊक! मोबाइलवर कुणी काही पाठवलं — खात्री! अहो, आपल्या घराघरांत कढई उकळतेय, आणि हात मात्र नेहमी दुसऱ्याचा!

तेव्हा आज देवाकडे वेगळंच मागू. देवा, भक्ती भरभरून दे. पण दुसऱ्याच्या पापाची खात्री देताना — बाबा, जरा हात आखडता घे!

टाळ उचला, मंडळी. आणि देवाचं नाव घेताना जो माणूस तुमच्या मनात चोर ठरलाय, त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणा. बघा, मोठ्यानं घेता येतंय का!