पाण्याची पाळी आणि सुभेदार

वहिनी, पोरांनो, आणि जमलेल्या मंडळींनो,

तीस वर्षं शाळेत बोललो, कधी अडखळलो नाही. आज जीभ जड झाली आहे. सुभेदार दत्तूआबा गेला. माझ्या उसाला लागून ज्याचा ऊस, तो शेजारी गेला. माझ्याशी जन्मभर वाद घालणारा गेला.

वाद कसला? मी इतिहासाचा मास्तर. वर्गात सांगायचो, देश लढतात ते धर्म वेगळे, चालीरीती वेगळ्या म्हणून. आबा सुट्टीवर आला की विचारायचा, "मास्तर, तू जैन, मी मराठा. आपली मारामारी कवा झाली?" मी म्हणायचो, "आपण दोघं म्हणजे दोन देश नव्हे, आबा." तो म्हणायचा, "मग देशात काय माणसं ऱ्हात न्हाईत व्हय?"

पुढं तो शांतिसेनेतून परदेशी गेला. सीमेच्या अलीकडं एक गाव, पलीकडं एक, मधे एकच विहीर. साहेब म्हणाले, यांचे देव वेगळे, हे भांडणारच. आबानं विचारलं, "पाण्याला कोण कवा येतंय?"

त्याला आपली नदीवरची सामाईक मोटर आठवली होती. महावीर जयंतीला आमची पाळी आबाचं घर घ्यायचं. दोन दिवसांनी, वहिनी, तुम्ही जोतिबाच्या यात्रेला निघालात की तुमची पाळी आम्ही घ्यायचो. हीच आपल्या कुरुंदवाडची रीत आबानं तिथं लावली. एका गावाचा पवित्र वार शुक्रवार, दुसऱ्याचा रविवार. ज्याचा सण त्यानं थांबायचं, दुसऱ्यानं भरायचं. युद्ध थांबलं का? नाही. आबा कधी फेकत नव्हता. पण तो होता तोवर त्या विहिरीवर गोळी सुटली नाही. आपल्या गावच्या माणसानं हे केलं, मंडळी. मला त्याचा अभिमान आहे.

परत आल्यावर मला म्हणाला, "देव येगळं हायेत म्हणून तर पाळी बदलता येती की. भांडण पाण्याचं असतंय. देवाला मागनं आणून हुबा करत्यात."

मी तेव्हा हसलो होतो. गेल्या उन्हाळ्यात नदी आटली आणि मोटरीवर आपलीच माणसं भिडली. माझा पुतण्या ओरडला, "ह्यांचा धरमच येगळा, ह्यांच्याशी जमायचंच न्हाई." मंडळी, तो माझाच विद्यार्थी. ते मीच शिकवलं होतं. तेव्हापासून पाळ्यांची अदलाबदल बंद पडली. आबाला ते शेवटपर्यंत लागून राहिलं. वाद तू जिंकलास, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो.

आज दुपारनंतर आबाच्या उसाची पाळी आहे. घरात सुतक, घरचं कुणी रानात जाणार नाही. सकाळी माझा पुतण्या दारात आला. म्हणाला, "काका, आबांच्या उसाला पाणी कोण पाजणार?" त्यानं खुंटीवरची मोटरीची किल्ली घेतली. इथून आम्ही दोघं थेट नदीवर जाणार आहोत.

आता उभे राहू या. कुणी हात जोडा, कुणी सुभेदाराला सॅल्यूट करा, कुणी नुसतेच गप्प राहा. ज्याची जी रीत असेल ती. आबाला चालेल.